फ्लोराइड दातांवर राहावे, पोटात जाऊ नये

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या जुन्या वस्तीतले घर सोडून आपण बायपासपलीकडच्या नव्या कॉलनीत राहायला गेलात. तिथे नर्मदेच्या पाण्याची लाइन अजून पोचलेली नसल्याने बोरिंगचे पाणी वापरावे लागते. घरात सहा वर्षांचा मुलगा, दोन वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. मुलाच्या दोन दाढांना कीड लागल्याचे पाहून दाताच्या डॉक्टरांनी फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप, लावायला सांगितले. परंतु धारकडच्या एका नातेवाइकांच्या मुलांचे दात फ्लोराइडमुळेच तपकिरी झालेले आपण स्वतः पाहिले आहेत, आणि फ्लोराइड म्हणजे विष असे सांगणारे संदेश मोबाइलवर येतच असतात, म्हणून आपण सगळ्या घरासाठी फ्लोराइड नसलेली वनौषधी पेस्ट आणली. आता वार्निश लावावे की नाही आणि पेस्ट कोणती वापरावी, हे आपल्याला हवे आहे.

माझे उत्तर असे की पेस्ट बदलावी, वार्निश लावून घ्यावे आणि बोरिंगचे पाणी तपासायला द्यावे. ही तीन कामे परस्परविरोधी वाटतात, पण तशी नाहीत. फ्लोराइडचा दातांना होणारा फायदा जवळजवळ सगळा ते दाताच्या पृष्ठभागाला लागल्याने होतो, आणि आपल्याला ज्याची भीती वाटते तो अपाय ते वर्षानुवर्षे जास्त प्रमाणात पोटात गेल्याने होतो. हे दोन रस्ते वेगळे ठेवले की आपल्या बहुतेक शंका आपोआप सुटतात, म्हणून आधी दातावर काय घडते ते नीट पाहू.

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असते. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या त्या स्फटिकांना हायड्रॉक्सिअॅपेटाइट म्हणतात. दातांवर सतत जमणाऱ्या चिकट थरात जे जिवाणू राहतात, त्यांना साखर किंवा मऊ पिष्टमय अन्न मिळाले की ते काही मिनिटांत आम्ल तयार करतात. आम्लता मोजण्याच्या पीएच मापावर हा थर 5.5 च्या खाली उतरला की इनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागतात. पुढे लाळ ते आम्ल पातळ करते, त्याचा प्रभाव मोडते, आणि अर्ध्या-पाऊण तासात पीएच पुन्हा वर आला की लाळेतलेच कॅल्शियम आणि फॉस्फेट परत दातात जाऊन बसतात. ही देवघेव आपल्या प्रत्येकाच्या तोंडात दिवसभर चालू असते. कीड लागते ती एखाद्या दिवशी जिलबी खाल्ल्याने नव्हे, तर जेव्हा बाहेर जाणारे खनिज आत येणाऱ्यापेक्षा महिनोन्‌महिने जास्त असते तेव्हा. सकाळी पोहे-जिलबी, मग गोड चहा, दुपारी बिस्किटे, संध्याकाळी शिकंजी आणि रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात चक्कर, असा ज्या घरचा दिवस असतो तिथे दातांना भरपाईची उसंतच मिळत नाही. मुलाला दिवसातून किती साखर मिळते यापेक्षा ती किती वेळा मिळते, हा प्रश्न मी म्हणूनच आधी विचारतो.

या देवघेवीत फ्लोराइड तीन प्रकारे हात घालते. पहिला प्रकार असा की स्फटिकाच्या पृष्ठभागावर थोडेसे फ्लोराइड चिकटलेले असेल तर आम्लात तो स्फटिक सहज विरघळत नाही. शुद्ध फ्लोरअॅपेटाइट, म्हणजे फ्लोराइड बसलेला तसाच स्फटिक, विरघळू लागायला पीएच सुमारे 4.5 पर्यंत खाली यावा लागतो. दुसरा, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा, प्रकार म्हणजे खनिज परत बसण्याची क्रिया फ्लोराइडच्या उपस्थितीत वेगाने होते आणि नव्याने बसलेले खनिज मूळच्या इनॅमलपेक्षा अधिक टिकाऊ असते. त्यासाठी लाळेत आणि दातांवरच्या थरात फ्लोराइड अगदी अल्प प्रमाणात, पण सतत हवे असते. तिसरा प्रकार जिवाणूंशी संबंधित आहे. आम्लयुक्त वातावरणात फ्लोराइड त्यांच्या पेशीत शिरते आणि साखरेचे आम्ल करणाऱ्या एनोलेज या विकराच्या कामात अडथळा आणते. हा तिसरा परिणाम खरा आहे, पण तोंडात प्रत्यक्ष मिळणाऱ्या प्रमाणात तो पहिल्या दोन परिणामांच्या मानाने दुय्यम मानला जातो.

आता पेस्टमधले किंवा वार्निशमधले फ्लोराइड दातांवर टिकते कसे, हेही सांगितले पाहिजे, कारण वापराचे बरेचसे नियम तिथूनच येतात. दाट प्रमाणातले फ्लोराइड दातांना लागले की लाळेतल्या आणि दातावरच्या कॅल्शियमशी संयोग पावून कॅल्शियम फ्लोराइडसारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण दातांवर आणि त्या चिकट थरात साचतात. तोंडात आम्ल नसते तेव्हा हे कण बहुतांशी तसेच पडून राहतात आणि पीएच उतरला की विरघळून फ्लोराइड सोडतात. नेमक्या गरजेच्या वेळी ते मोकळे होते. परंतु ब्रश झाल्यावर आपण तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरल्या, तर हा साठा होण्याआधीच वाहून जातो. आपल्याकडे तोंड खळाळून धुतल्याशिवाय दात घासल्याचे समाधानच होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही फेस थुंकून टाकावा, फार तर एक छोटी चूळ भरावी आणि अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. दोन वेळांपैकी रात्रीची वेळ अधिक महत्त्वाची, कारण झोपेत लाळ खूपच कमी होते आणि त्या काळात दातांवर जे असेल, गोड दूध असो वा फ्लोराइड, ते तासन्‌तास तसेच राहते.

धारच्या मुलांच्या दातांकडे वळण्याआधी थोडा इतिहास सांगतो, कारण दातांचे तपकिरी डाग आणि किडीपासून संरक्षण या दोन गोष्टी एकाच शोधातून बाहेर आल्या. 1901 मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी गेला, तेव्हा तिथे जन्मलेल्या अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग असल्याचे त्याला आढळले. कारण शोधताना त्याच्या ध्यानात आले की हे डागाळलेले दात किडीला मात्र फारसे बळी पडत नाहीत. पाण्यात काहीतरी आहे असा त्याचा संशय होता, आणि ते फ्लोराइड आहे हे 1931 मध्ये एका अॅल्युमिनियम कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ चर्चिल यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. त्यानंतर ट्रेंडली डीन यांनी अनेक गावांची पाहणी करून दाखवले की लिटरमागे सुमारे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या पाण्याने कीड कमी होते आणि ठळक डागही पडत नाहीत. या आधारावर 1945 मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात मोजून फ्लोराइड मिसळण्यास सुरुवात झाली. त्या काळी समज असा होता की फ्लोराइड पोटात जाऊन, वाढत्या दातात मिसळून काम करते, आणि म्हणून मुलांना गोळ्याही दिल्या जात. पुढच्या संशोधनाने तो समज मागे पडला व मुख्य परिणाम दात उगवल्यानंतर, पृष्ठभागावरच होतो हे मान्य झाले. अमेरिकेनेही पाण्यातल्या प्रमाणाची शिफारस 2015 मध्ये 0.7 मिलिग्रॅमवर आणली. भारतात पाण्यात फ्लोराइड मिसळले जात नाही. आपल्या अनेक जिल्ह्यांची अडचण ते भूजलात मुळातच जास्त असण्याची आहे.

धार आणि झाबुआ हे जिल्हे त्यांपैकीच. फ्लोराइड असलेली खनिजे ज्या खडकात आहेत, त्यातून खोलवर झिरपलेले पाणी, विशेषतः ते क्षारधर्मी असेल आणि त्यात कॅल्शियम कमी असेल तर, अधिक फ्लोराइड विरघळवून घेते. हातपंपाला येणारे पाणी चवीला, रंगाला उत्तम असते, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. फ्लोरोसिसच्या, म्हणजे जादा फ्लोराइडमुळे दातांना आणि हाडांना होणाऱ्या आजाराच्या, प्रतिबंधासाठी केंद्र सरकारने 2008-09 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत आपल्या शेजारचे उज्जैन होते. दातांचा फ्लोरोसिस होतो तो दात हिरडीच्या आत तयार होत असताना, म्हणजे ढोबळमानाने जन्मापासून आठ वर्षांपर्यंत. वरच्या पुढच्या कायमच्या दातांच्या बाबतीत दीड ते तीन वर्षांचे वय सर्वांत नाजूक असते. त्या काळात पोटात गेलेल्या जादा फ्लोराइडमुळे इनॅमल पूर्ण पक्व होत नाही, सच्छिद्र राहते. दात बाहेर येतो तेव्हा तो खडूसारखा पांढुरका असतो आणि त्या छिद्रांत पुढे रंग बसून तपकिरी दिसू लागतो. आठ वर्षांनंतर, अक्कलदाढा सोडल्यास, नव्याने दातांचा फ्लोरोसिस होऊ शकत नाही. पाण्यातले प्रमाण बरेच जास्त असेल आणि ते अनेक वर्षे पिण्यात आले तर हाडे व सांधेही धरतात. तो आजार कितीतरी गंभीर आहे, आणि त्यावर पाण्याचा स्रोत बदलण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. नातेवाइकांच्या मुलांच्या दातांवरचे डाग मात्र वरचा थर हलकेच घासून, ब्लीचिंग करून किंवा दातांच्या रंगाचे मिश्रण बसवून बरेच झाकता येतात. तीव्र फ्लोरोसिस झालेला दात ठिसूळ असतो व त्यालाही कीड लागते, त्यामुळे त्या मुलांनीही फ्लोराइडची पेस्ट सोडू नये, असे त्यांना अवश्य सांगावे.

पेस्टमधून पोटात नेमके किती जाते याचा हिशेब मांडून पाहिला तर भीती कुठे धरावी हे स्पष्ट होते. भारतातील नियमानुसार टूथपेस्टमध्ये 1000 पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड असता कामा नये, म्हणजे 1 ग्रॅम पेस्टमध्ये जास्तीत जास्त 1 मिलिग्रॅम. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट साधारण 0.1 ग्रॅम भरते. आपल्या मुलीने दोन्ही वेळची पेस्ट गिळली, थुंकलीच नाही, तरी दिवसाला 0.2 मिलिग्रॅम पोटात जाईल. याउलट बोरिंगच्या पाण्यात लिटरमागे 2 मिलिग्रॅम फ्लोराइड असेल, तर दूध, वरण, खिचडी आणि पिण्याचे पाणी मिळून एक लिटर पोटात गेले की तिला 2 मिलिग्रॅम मिळाले. अमेरिकेतील पोषणविषयक शिफारशींमध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी दिवसाची कमाल मर्यादा 1.3 मिलिग्रॅम धरलेली आहे. तेव्हा दाण्याएवढ्या पेस्टला घाबरून पाण्याकडे दुर्लक्ष करणे हे उलटेच झाले. अर्थात जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशच्या टोकापासून टोकापर्यंत पेस्टची पट्टी काढली, तर ती एक ग्रॅमपर्यंत जाते, आणि दोन वर्षांच्या मुलाने ती दोनदा गिळली तर पेस्टही पाण्याइतकीच दोषी ठरेल. जाहिरातींनी लावलेली ही सवय मला खरोखर त्रासदायक वाटते.

पाणी तपासायचे ते जिल्ह्याच्या लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या किंवा मान्यताप्राप्त खाजगी प्रयोगशाळेत. नमुना काचेच्या नव्हे, स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत, मोटर काही मिनिटे चालवून झाल्यावर थेट बोरिंगचा घ्यावा, टाकीतला नको, कारण टँकरचे पाणी त्याच टाकीत पडत असते. एक नमुना भर उन्हाळ्यात आणि एक पावसाळ्यानंतर असे दोन दिले तर उत्तम. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालण्याजोगे मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही 1.5 आहे. अहवाल 1 च्या आत आला तर निश्चिंत असावे. 1 ते 1.5 च्या दरम्यान आला तर मोठ्यांनी प्यायला हरकत नाही, परंतु मुलीच्या पिण्याला आणि स्वयंपाकाला आरओचे किंवा नर्मदेचे पाणी वापरणे मी पसंत करीन. त्याहून जास्त आल्यास सर्वांनीच ते पाणी पिण्यासाठी आणि रांधण्यासाठी बंद करावे. आंघोळ, धुणी, भांडी यांना ते चालते. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे थोडे दाटच होते. कॅन्डलचा फिल्टर आणि यूव्ही दिवा जंतूंसाठी आहेत, त्यांचा इथे उपयोग नाही. आपण माठात फिरवतो तेवढ्या तुरटीनेही भागत नाही. तुरटी आणि चुना मोजून वापरण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली, परंतु तिच्यातली तुरटीची मात्रा कितीतरी जास्त असते व ती देखरेखीखाली करायची असते. घरात आरओ हाच व्यवहार्य मार्ग, मात्र त्याचा पडदा जुना झाला की परिणाम उतरतो, म्हणून आरओमधून बाहेर येणारे पाणीही अधूनमधून तपासावे. शेजारच्या कॉलनीचा अहवाल चांगला आहे म्हणून आपलाही चांगलाच असेल, असे समजू नये. दोनशे फूट आणि सहाशे फूट खोलीच्या बोरिंगांना वेगवेगळ्या भेगांतले पाणी लागलेले असू शकते.

नर्मदेची लाइन आली की हा प्रश्न बराचसा मिटेल, कारण नदीच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असते. मग मुलांना फ्लोराइड कमी पडेल का, ही शंका काही सुशिक्षित पालक विचारतात. पडणार नाही, दोन वेळा पेस्ट लागली की दातांना हवे ते मिळते. त्यासाठी गोळ्या किंवा थेंब देण्याचे मुळीच कारण नाही.

आता पेस्टविषयी. ट्यूबच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक दिलेले असतात. तिथे सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट किंवा सोडियम फ्लोराइड हे नाव आणि पीपीएमचा आकडा शोधावा. आकडा छापणे बंधनकारक आहे आणि मुदतीची तारीखही पाहावी. पुढच्या बाजूला लवंग, कडुनिंब, मीठ किंवा कोळसा यांचे चित्र असण्याने काहीच कळत नाही. त्या चित्रामागे फ्लोराइड असूही शकते, नसूही शकते. नसेल तर ती पेस्ट दात साफ करील, तोंडाला सुवास आणील, पण किडीविरुद्ध जो फायदा अनेक चाचण्यांतून सिद्ध झाला आहे तो देणार नाही. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या 2003 च्या कॉक्रेन आढाव्यात फ्लोराइड पेस्टने मुलांच्या कायमच्या दातांतील कीड सरासरी 24 टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले होते, आणि जिथे कीड अधिक तिथे फायदाही अधिक होता. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, 500 पीपीएम किंवा त्याहून कमी फ्लोराइडच्या गोड पेस्टचा पुरावा तितका भक्कम नाही, शिवाय स्ट्रॉबेरीच्या वासाची पेस्ट मुले चाटून खातात. माझा कल असा की घरात 1000 पीपीएमची एकच साधी पेस्ट असावी आणि वयाप्रमाणे प्रमाण बदलावे. पहिला दात आल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाचा दाणा, तीन ते सहा वर्षांपर्यंत मटारचा दाणा, आणि पेस्ट मुलाने नव्हे, मोठ्या माणसाने काढून द्यायची. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश पालकांनीच करावा. मूल स्वतः घासते तेव्हा पुढचे दात चकाकतात आणि दाढा तशाच राहतात.

मुलीच्या बाबतीत एक गोष्ट आपण घरीच पाहू शकाल. तिला मांडीवर आडवे घेऊन, डोके आपल्या गुडघ्यांकडे ठेवून, वरचा ओठ बोटाने हलकेच उचलावा आणि पुढचे चार दात कापसाने किंवा सुती फडक्याने कोरडे करावेत. हिरडीला लागून, तिच्याच वळणाने जाणारी खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात समजावी. दात ओला असताना ती दिसत नाही, म्हणून कोरडे करायचे. या अवस्थेत पृष्ठभाग अजून अभंग असतो, खनिज त्याच्या खालून गेलेले असते, आणि रात्रीची दुधाची बाटली बंद करून दोन वेळा फ्लोराइड लावले तर ती रेघ थांबते, काही महिन्यांत चकाकी परत येते. ती जागा सुईने किंवा टाचणीने टोचून पाहू नये, त्याने वरचा शाबूत थर फुटतो. हाच डाग पिवळट-तपकिरी आणि मऊ झाला की मात्र पेस्टचे काम संपले, डॉक्टरांकडे जावे लागते.

मुलाच्या वार्निशविषयी आपण फार धास्तावला आहात, म्हणून ते काय असते ते सांगतो. त्यात 5 टक्के सोडियम फ्लोराइड, म्हणजे 22,600 पीपीएम फ्लोराइड असते आणि हा आकडा ऐकूनच पालक दचकतात. पण सगळ्या दुधाच्या दातांना मिळून पाव मिलिलिटरच्या आसपास वार्निश लागते आणि त्यात सहाएक मिलिग्रॅम फ्लोराइड असते. दात कापसाने पुसून छोट्या ब्रशने ते पातळ लावतात. लाळ लागताच ते दातांना चिकटून बसते आणि हळूहळू फ्लोराइड सोडते, त्यामुळे फ्लोराइडच्या जेलच्या मानाने ते कमी गिळले जाते. दात एक दिवस पिवळट आणि जिभेला खरबरीत लागतात. त्यानंतर चार तास गरम किंवा कडक काही देऊ नये आणि त्या रात्री ब्रश करू नये. दर तीन ते सहा महिन्यांनी ते पुन्हा लावावे लागते. 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात वार्निशमुळे दुधाच्या दातांत 37 टक्के आणि कायमच्या दातांत 43 टक्के कमी कीड आढळली. वार्निशमधल्या राळेची अॅलर्जी असेल किंवा हिरड्यांना जखमा असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. ट्रेमध्ये भरून लावायचे आम्लयुक्त जेल सहा वर्षांखालील मुलांना नको, ती ते गिळतात. फ्लोराइडच्या माउथवॉशलाही हाच नियम लागू आहे.

वार्निश पडलेले भोक मात्र बुजवत नाही. मुलाच्या दोन दाढांत खड्डे असतील तर ते भरून घ्यावेच लागतील. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात, पडायच्याच आहेत म्हणून सोडून देण्याजोग्या नसतात. मूल मशीनला फारच घाबरत असेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हा द्रव लावून कीड जागच्या जागी थांबवता येते, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. मागच्या दाढांत त्याचे कोणाला काही वाटत नाही, समोरच्या दातांत आधी पालकांची संमती घ्यावी लागते. शिवाय सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. ती कोणताही दात न पाडता गुपचूप येत असल्यामुळे बहुतेक घरांत तिलाही दुधाचीच समजतात. तिच्यावरच्या खोल चिरांत ब्रशचे केस पोचत नाहीत आणि फ्लोराइडचा फायदाही सपाट पृष्ठभागाच्या मानाने तिथे कमीच होतो, म्हणून ती पुरती वर आली की चिरा सीलंटने बुजवून घ्याव्यात. वार्निशसाठी जाल त्याच वेळी हे विचारून घ्या.

मोबाइलवरच्या संदेशांपैकी एक दावा गंभीरपणे घेण्यासारखा आहे, तो म्हणजे मुलांच्या बुद्ध्यंकावरील परिणामाचा. अमेरिकेतील राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ऑगस्ट 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असण्याचा आणि मुलांच्या कमी बुद्ध्यंकाचा संबंध मध्यम खात्रीने मांडला आहे; 0.7 मिलिग्रॅमबाबत निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नसल्याचेही त्यातच म्हटले आहे. हा सगळा विचार पोटात जाणाऱ्या फ्लोराइडचा आहे, आणि त्यामुळे बोरिंगचे पाणी तपासण्याचा माझा आग्रह वाढतो, पेस्ट टाकून देण्याचा नव्हे. पेस्टची ट्यूब मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. शरीराच्या वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅम फ्लोराइड एकदम पोटात गेले तर ते धोक्याचे मानतात. दहा किलोच्या मुलासाठी ते 50 ग्रॅम पेस्ट होते. मुलीने ट्यूब पिळून बरीच पेस्ट खाल्ल्याची शंका आली तर लगेच दूध पाजून तिला रुग्णालयात न्यावे, उलटी करवण्याच्या खटपटीत पडू नये.

सासूबाईंचा उल्लेख आपण ओघात केला आहे, पण घरात फ्लोराइडची गरज बहुधा त्यांनाच सर्वांत जास्त असेल. वयानुसार हिरड्या खाली सरकतात आणि दातांची मुळे उघडी पडतात. मुळावर इनॅमल नसते, आणि आतले डेंटिन 5.5 पेक्षा बऱ्याच आधी, साधारण 6.2 ते 6.7 या पीएचलाच विरघळू लागते. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या काही गोळ्यांनी लाळही कमी होते, त्यामुळे मागची वीस वर्षे एकही दात न किडलेल्या माणसाच्या मुळांना सत्तरीत एकाएकी भराभर कीड लागलेली आम्ही पाहतो. त्यांनी मऊ ब्रशने, फ्लोराइडच्या पेस्टने दोन वेळा, हिरडीलगत हळुवार घासावे. दंतमंजन खरखरीत असते आणि उघडी मुळे झिजवते. त्यांना मिशेरी किंवा गुडाखू (तंबाखू आणि गुळाची पेस्ट) लावायची सवय असेल तर ती सोडवण्याचा प्रयत्न कराच. तोंडाच्या कर्करोगाशी तिचा संबंध असल्याने तो प्रश्न दातांच्या पलीकडचा आहे. काही कारणाने ट्रेमध्ये भरण्याचे आम्लयुक्त जेल त्यांना सुचवले गेले आणि त्यांच्या दातांवर पोर्सिलेनच्या कॅप असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगावे, कारण त्या जेलने पोर्सिलेनची चकाकी जाते. वार्निशने तसे होत नाही. पडलेल्या काही दातांच्या जागी कवळी असेल, तर ती रात्री काढून ठेवावी आणि तिच्या तारांचा आधार असलेल्या उरलेल्या दातांना झोपण्यापूर्वी थोडी पेस्ट बोटाने लावून तशीच राहू द्यावी.